टायनी बेसिक : कागदांच्या क्रमाने

मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात एक गोष्ट ठरलेली असते. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी घरी संगणक जोडणाऱ्या हौशी मंडळींना खुले पत्र लिहून चोर ठरवले. ती मंडळी चिडली, आणि त्या रागातून त्यांनी स्वतःची जवळजवळ फुकट बेसिक भाषा तयार केली, तीच टायनी बेसिक. गोष्ट रंगतदार आहे आणि तिच्यात नायक-खलनायकही आयते मिळतात. पण १९७५-७६ या दोन वर्षांतली वार्तापत्रे, मासिके आणि प्रोग्रामच्या छापील याद्या तारखेने लावून पाहिल्या की ती टिकत नाही. टायनी बेसिकचे काम पत्राच्या जवळजवळ वर्षभर आधी सुरू झाले होते, आणि ते कोणाच्या विरोधात सुरू झाले नव्हते.

पहिला कागद मार्च १९७५ चा. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे बॉब अल्ब्रेख्त यांनी १९७२ मध्ये ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ नावाचे वार्तापत्र सुरू केले होते. नावात कंपनी असली तरी ओढ सगळी शिकवण्याची होती. मुलांना आणि सामान्य माणसांना संगणक हाताळता यावा, एवढाच तिचा आग्रह. त्याच्या मार्चच्या अंकात डेनिस अ‍ॅलिसन यांचा लेख आला. विषय होता, आपली बेसिक आपणच बांधा. अ‍ॅलिसन स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत, भाषांची रचना हा त्यांचा विषय, आणि अल्ब्रेख्त यांच्या आग्रहावरून त्यांनी लेखणी उचलली होती.

या तारखेच्या आजूबाजूला काय होते ते पाहावे. अल्टेर ८८०० हा जोडणीचा संगणक ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर आला होता. मेन्लो पार्कच्याच एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या गटाची पहिली बैठक ५ मार्चला भरली. गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांची अल्टेर बेसिक अजून घडत होती. एमआयटीएस या अल्टेरच्या कंपनीशी त्यांचा परवाना-करार झाला तो २२ जुलै १९७५ ला. म्हणजे अ‍ॅलिसन यांचा लेख छापला गेला तेव्हा ज्याची चोरी व्हावी असे विक्रीचे उत्पादनच फारसे अस्तित्वात नव्हते.

लेखाचे कारण साधे होते. त्या यंत्रांत स्मृती अगदी तुटपुंजी असे. चार किलोबाइट म्हणजे चैन. १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी जी मूळ बेसिक सुरू केली, ती कंपायलर होती. विद्यार्थ्याचा सगळा प्रोग्राम आधी यंत्रभाषेत उतरवायचा आणि मग चालवायचा, ही तिची रीत. त्यासाठी लागणारा मोठा सामायिक संगणक महाविद्यालयाकडे होता. घरच्या टेबलावर ते शक्य नव्हते. म्हणून अ‍ॅलिसन यांनी भाषा छाटली. संख्या फक्त पूर्णांक, उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत. चलांची नावे ए ते झेड, एकूण २६. अक्षरमाला नाहीत, अ‍ॅरे नाहीत. प्रिंट, इफ, गोटू, इनपुट, लेट, गोसब, रिटर्न अशा जेमतेम डझनभर आज्ञा. सारे व्याकरण एका पानात मावते.

छाटणीपेक्षाही त्यांची दुसरी कल्पना मला मोलाची वाटते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. सप्टेंबर १९७५ पर्यंत या लेखमालेत एक संपूर्ण आराखडा उभा राहिला. त्यात टायनी बेसिक थेट कोणत्याही प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेली नव्हती. मधे एक काल्पनिक यंत्र होते आणि त्याच्या थोड्या आज्ञा होत्या : ओळीत अमुक शब्द आहे का ते तपास, संख्या वाच, बेरीज कर, पुढच्या ओळीवर जा. बेसिक समजून घेण्याची सगळी रीत या आज्ञांमध्ये लिहून दिली होती. ज्याच्याकडे इंटेलचा ८०८० आहे त्याने या छोट्या आज्ञा ८०८० साठी लिहायच्या, ज्याच्याकडे मोटोरोलाचा ६८०० आहे त्याने ६८०० साठी. बाकीचे काम कागदावर तयार होते. अशाने वेग मंदावतो, हे खरे. एका इंटरप्रिटरच्या, म्हणजे ओळ वाचत वाचत ती चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटात दुसरा इंटरप्रिटर चालतो. पण वाटून घेण्याच्या दृष्टीने याहून चांगली रचना त्या काळी सापडणे अवघड होते. टेप नाही, डिस्क नाही, तरी पोस्टाने आलेल्या वार्तापत्रातून भाषा हलू शकत होती.

आणि ती हलली. वर्ष संपण्याच्या आत टेक्सासमधल्या टायलर गावातून डिक व्हिपल आणि जॉन अरनॉल्ड यांनी टायनी बेसिक एक्स्टेंडेड पाठवली. आराखडा अ‍ॅलिसन यांचाच, त्यात फॉर-नेक्स्टची आवर्तने आणि अ‍ॅरे यांची भर, एकूण तीन किलोबाइटच्या आसपास. तिची यादी छापली गेली ती आठच्या पायातल्या उघड्या आकड्यांत. वाचकाने ते आकडे एकेक करून आपल्या यंत्रात भरावेत अशी अपेक्षा होती. मजकूर इतका वाढला की वार्तापत्रात जागा पुरेना, म्हणून फक्त या कामासाठी वेगळे नियतकालिक काढायचे ठरले. सुरुवातीचा बेत तीनच झेरॉक्स अंकांचा होता. ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ या नावाने ते पुढे कित्येक दशके चालले. पहिल्या अंकावर महिना आहे जानेवारी १९७६, संपादक जिम वॉरन.

आता ते पत्र. त्याची तारीख ३ फेब्रुवारी १९७६, खाली सही बिल गेट्स, मायक्रो-सॉफ्टचे जनरल पार्टनर, आणि पत्ता अल्बुकर्कीचा. ते नीट वाचायला हवे, कारण सहसा त्यातला संतापच उचलला जातो. गेट्स म्हणतात की बेसिकच्या सुरुवातीच्या कामाला दोन महिने लागले, पण नंतरचे वर्ष तिघांनी तिची कागदपत्रे लिहिण्यात आणि सुधारणा करण्यात घालवले. वापरलेल्या संगणकवेळेची किंमत ते ४०,००० डॉलरहून अधिक सांगतात. अल्टेर घेतलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतली, आणि मिळालेल्या मानधनाचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, ही त्यांची तक्रार. यंत्राला पैसे द्यावे लागतात हे तुम्हाला मान्य आहे, मग प्रोग्राम तेवढा वाटून घ्यायची वस्तू कशी, हा त्यांचा प्रश्न होता. तो खोटा नव्हता. ज्याने रात्री जागून काम केले त्याच्या तोंडी तो शोभतो.

होमब्रूच्या लोकांनी पॅलो आल्टोच्या एका हॉटेलातून अल्टेर बेसिकची कागदी टेप उचलली आणि तिच्या प्रती काढून वाटल्या, ही जून १९७५ ची हकिकत नेहमी या पत्राला जोडली जाते. तिचे तपशील मात्र पुढच्या काळातल्या मुलाखतींतून आलेले आहेत. खुद्द पत्रात त्या प्रसंगाचा उल्लेख नाही. म्हणून पत्राचे कारण म्हणून तो सांगताना हात जरा आखडता घ्यावा.

टायनी बेसिकला पत्राचे उत्तर म्हणून पुढे करणारा कागद नंतरचा आहे. जुलै १९७६ च्या ‘सिगप्लॅन नोटिसेस’ या एसीएम संस्थेच्या वार्तापत्रात जिम वॉरन यांनी लिहिले की गेट्स यांनी मांडलेल्या प्रश्नाला चालण्याजोगा पर्याय आहे. सॉफ्टवेअर फुकट असले, किंवा प्रत काढण्यापेक्षा विकत घेणे सोपे व्हावे इतके स्वस्त असले, तर ते चोरीला जाणार नाही. मग त्यांनी टायनी बेसिकच्या कामाची पद्धत उलगडून दाखवली. दोन गोष्टी इथे एकमेकींना भिडल्या. पण वॉरन आपल्या हाताशी असलेल्या कामाचा दाखला देत होते. ते काम पत्रातून जन्मले असा दावा त्यांनी केलेला नाही. दंतकथेने हा दाखलाच जन्मकथा करून टाकला.

स्वस्ताईचा भाग टॉम पिटमन यांनी प्रत्यक्षात आणला. अ‍ॅलिसन यांच्या मधल्या यंत्राचा आराखडा धरून त्यांनी ६८०० साठी टायनी बेसिक लिहिली आणि ती पाच डॉलरला विकली. पुढे ६५०२ साठीही काढली.

ली-चेन वांग यांची वाट वेगळी. त्यांची ‘पॅलो आल्टो टायनी बेसिक’ डॉ. डॉब्जच्या मे १९७६ च्या अंकात आली. त्यांनी मधले यंत्र टाकून दिले, थेट ८०८० साठी लिहिले आणि सगळे १.७७ किलोबाइटमध्ये बसवले. यादीच्या माथ्यावर आवृत्ती, नाव, तारीख आणि खाली दोन ओळी आहेत : ‘कॉपीलेफ्ट’ आणि ‘ऑल राँग्ज रिझर्व्ड’, म्हणजे ‘कॉपीराइट’ आणि ‘ऑल राइट्स रिझर्व्ड’ यांवरची कोटी. तारीख पाहताना मात्र थांबावे लागते. माथ्यावर १० जून १९७६ आहे, तर अंक मे महिन्याचा. म्हणजे मुखपृष्ठावरचा महिना ही छपाईची तारीख मानून चालणार नाही. या नियतकालिकाच्या बाबतीत महिना अंकाची ओळख पटवण्यापुरताच धरावा, आणि कामाचा दिवस ठरवायला यादीतली तारीख जवळची. वरची मांडणी यामुळे डळमळत नाही, कारण तिचा मुख्य आधार वर्षभर आधीच्या लेखावर आहे.

वांग यांचा मजकूर पुढे कुठे गेला हे त्या मजकुरातूनच कळते. डिसेंबर १९७६ च्या ‘इंटरफेस एज’मध्ये रॉजर रॉस्कोल्ब यांनी दुसरी आवृत्ती छापली. तिच्या माथ्यावर लिहिले आहे की हे काम बदलून इंटेलच्या सांकेतिक शब्दांत उतरवले, १० ऑक्टोबर १९७६. यावरून मूळ यादी इंटेलच्या शब्दांत नव्हती हे उघड होते. वांग यांनी स्वतःचे संकेत वापरले होते. कॉपीलेफ्टच्या ओळी रॉस्कोल्ब यांनी तशाच ठेवल्या. दुसरी खूण चूक दाखवणाऱ्या संदेशांची. वांग यांची बेसिक तीनच शब्दांत तक्रार करते : व्हॉट, हाऊ आणि सॉरी. आज्ञा कळली नाही, कळली पण करता येत नाही, आणि स्मृती संपली. १९७७ मध्ये टँडी कंपनीचा टीआरएस-८० बाजारात आला, त्याची ‘लेव्हल वन’ बेसिक स्टीव्ह लाइनिंगर यांनी वांग यांच्या कामावरून बेतली होती. चार किलोबाइटच्या त्या रॉममध्ये हेच तीन शब्द आहेत. दशांश संख्यांची भर पडली, पण तक्रारीची भाषा बदलली नाही. पुढच्या ‘लेव्हल टू’साठी टँडीने मायक्रोसॉफ्टची बेसिक घेतली, म्हणून एकाच यंत्राच्या दोन पिढ्यांत दोन्ही घराणी सापडतात.

वांग यांच्या ओळींना कायद्याचे बळ नव्हते. कोणी काय करावे, काय करू नये, हे त्या सांगत नाहीत. टँडीने तो मजकूर बंद रॉममध्ये घातला तरी अडवणारे काही नव्हते. कॉपीलेफ्टला कोणत्याही प्रोग्रामला लावता येतील अशा अटींचे रूप आले ते रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू परवान्यात (जीपीएल), १९८९ मध्ये. त्या अटींखाली २००४ पासून फ्रीबेसिक ही भाषा आहे. ती मायक्रोसॉफ्टच्या क्विकबेसिकच्या वळणाची, आणि मूळ डार्टमथसारखी पुन्हा खरी कंपायलर. तिचा कंपायलर फ्रीबेसिकमध्येच लिहिलेला आहे, म्हणजे तो स्वतःलाच कंपाइल करतो. कंपायलरला जीपीएल लागू, पण प्रोग्रामसोबत जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीला सैल परवाना आणि वर सवलत, त्यामुळे तिच्यात लिहिलेला प्रोग्राम बंद ठेवायचा की खुला, हे लिहिणाऱ्याच्या हाती राहते. वांग यांच्या दोन ओळींत हा भेद नव्हता.

दुसऱ्या बाजूचा मूळ कागदही आता वाचायला मिळतो. एप्रिल २०२५ मध्ये गेट्स यांनी अल्टेर बेसिकची १५७ पानांची यादी सर्वांसाठी खुली केली. तिच्यातल्या टिपणात गणिताचा भाग माँटी डेव्हिडॉफ यांचा असल्याचे नोंदले आहे. दशांश संख्यांची ही पाने वांग यांच्या यादीशेजारी ठेवून वाचली की दोन्ही कामांचा आवाका वेगळा होता हे लगेच दिसते. टायनी बेसिकने जे जाणूनबुजून गाळले, तेच इथे सर्वांत कष्टाने रचलेले आहे, आणि १९७६ च्या पत्रातला वर्षभराच्या मेहनतीचा दावा या पानांच्या आधारे मला खरा वाटतो.