वाक्याचा ठावठिकाणा

खानापूर तालुक्यातल्या हलशीला लोक आज जातात ते भूवराह-नरसिंहाच्या देवळासाठी. पण या गावाला भारताच्या इतिहासात जागा मिळाली ती गावाबाहेर, चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळ मातीच्या ढिगात सापडलेल्या ताम्रपटांमुळे. कदंब राजांची ही दानपत्रे. मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी जॉन फ्लीट यांनी 1877 साली ती ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात, 22व्या पानापासून पुढे छापली. मूळ पाठ, भाषांतर आणि पट सापडले कुठे याची हकिकत, असे सगळे त्यांनी एकत्र दिले. आज हलशी म्हणजेच कदंबांची पलाशिका, मृगेशवर्म्याने इथे जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन पंथांना 33 निवर्तने जमीन दिली, असे आपण निःशंकपणे लिहितो. ते निःशंक लिहिता येते, कारण या प्रत्येक विधानाच्या मागे जाऊन मूळ पत्र्यापर्यंत पोचता येते. संदर्भ देण्याचे काम एवढेच आहे: वाक्य कुठून आले त्याचा पत्ता सांगणे. संगणकावर दोन कळा दाबून संदर्भसूची तयार होऊ लागल्यापासून नेमके हेच काम विसरले जात आहे.

पत्ता असला की काय साधते, ते काकुस्थवर्म्याच्या हलशी पटावरून दिसते. श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीने आपल्याला वाचवले म्हणून त्याला एक शेत दिल्याची नोंद या पटात आहे आणि दान दिल्याचे वर्ष ‘ऐंशीवे’ म्हटले आहे. काकुस्थवर्मा तिथे स्वतःला युवराज म्हणवतो. युवराजाच्या कारकिर्दीची ऐंशी वर्षे कशी होतील? म्हणून काहींनी ही गणना घराण्याचा मूळ पुरुष मयूरशर्मा याच्यापासून धरली, तर काहींनी हा गुप्त संवत मानला. तसे मानले तर साल येते इ.स. 399-400. जॉर्ज मोराएश यांनी 1931 साली ‘कदंब कुल’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, पुढे बा. रा. गोपाल यांनी 1985 साली कदंबांचे सगळे लेख एकत्र आणले, आणि प्रत्येक वेळी अभ्यासकाला परत त्या एका शब्दाशी यावे लागले. कदंबांचे पहिले शतक कसे मांडायचे, हे त्या शब्दाच्या वाचनावर ठरते. एखाद्या पुस्तकात नुसतेच ‘काकुस्थवर्मा, इ.स. 400’ असे छापले आणि खाली काही दिले नाही, तर वाचकाला हा वाद आहे हेच कळणार नाही. तो एका अनुमानाला वस्तुस्थिती समजून पुढे नेईल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ही तळटिपांची रीत इंग्रजांची, फ्लीटसारख्या साहेबांनी आणलेली, आपल्याकडे ग्रंथकार परंपरेवर विश्वास ठेवून लिहीत. तळटिपेचा छापील आकार बाहेरून आला हे खरे, पण तिच्यामागची गरज बाहेरची नाही. ताम्रपट हाच मुळात संदर्भांनी भरलेला दस्तऐवज. कोणत्या राजाने, कोणत्या वर्षी, कोणत्या मुक्कामावरून, कोणाला, कोणत्या हद्दीतली जमीन दिली, हे त्यात क्रमाने येते. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप देणारे श्लोक येतात आणि त्यांच्याआधी ‘उक्तं च’ अशी खूण असते. हे शब्द आमचे नव्हेत, आधी कोणी सांगितलेले आहेत, असे लेखक बजावतो. अनेक पटांत त्या श्लोकांचा कर्ता म्हणून व्यासांचे नावही असते. मराठीतही हेच आहे. 1762 साली ‘भक्तविजय’ लिहिताना महीपतीने, हे माझ्या मनचे नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांवरून घेतले आहे, असे सुरुवातीलाच वाचकाला सांगून टाकले. भक्तिकथा सांगणाऱ्यालाही आपला आधार सांगावासा वाटला. तेव्हा ही सवय उसनी म्हणता येत नाही.

मराठी इतिहासलेखनात या सवयीला शिस्त आली ती वि. का. राजवाड्यांमुळे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला. वाईला मिळालेली पानिपतकाळातली पत्रे त्यात छापली होती. पुढे त्यांनी असे बावीस खंड काढले आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या सगळ्या कामाचा कणा म्हणजे आधी कागद, मग मत. जुन्या पत्रांवर बहुधा तिथी असते, वर्ष नसते. वर्ष ठरवायचे तर मजकुरातल्या माणसांची आणि प्रसंगांची जुळणी करावी लागते. म्हणून कागद कोणाच्या घरी मिळाला, कोणत्या गावी मिळाला, कोणत्या बाडात कोणत्या कागदाशेजारी होता, हे सारे पुराव्यातच मोडते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले, तेव्हा तिथल्या अभ्यासकाला लेखकाच्या नावाआधी रुमाल सांगावा लागतो.

आता संगणकाकडे येऊ. 2007च्या वर्डमध्ये ‘रेफरन्सेस’ नावाचा टॅब आला आणि लेखक, ग्रंथ, प्रकाशक, साल अशा चौकटी भरल्या की मजकुरात कंस आणि शेवटी सूची आपोआप उमटू लागली. कष्ट वाचले, यात वाद नाही. हाताने केलेल्या सूचीत एक नोंद मध्ये घातली की पुढचे सगळे आकडे बदलावे लागत. पण या चौकटी कोणासाठी बनल्या? आडनाव आणि साल देणाऱ्या एपीए शैलीची सुरुवात 1929 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या एका छोट्या नियमावलीतून झाली. प्रयोगशाळेच्या विद्येत साल फार बोलते, कारण जुना निष्कर्ष नव्याने मागे पडतो. आपल्या विद्येत 1877चा पाठ 1985च्या पाठाइतकाच कामाचा असू शकतो, कधी जास्तही. सालाच्या चौकटीत मराठी पुस्तकावरचे ‘शके 1820’ जसेच्या तसे भरले तर राजवाड्यांचा खंड 1898ऐवजी 1820च्या रांगेत जाऊन बसतो, अठ्ठ्याहत्तर वर्षे आधी. आडनावांचा क्रम नुसत्या युनिकोडच्या आकड्यांवर लावला तर ‘काळे’ ‘काशीकरां’च्या आधी येतात, कारण त्या आकड्यांत ळ हा ल च्या लगेच नंतर बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. ही चूक लहान आहे, पण सूची वर्णानुक्रमे लावली ती कोणासाठी, हा प्रश्न ती उभा करते. आणि रुमालासाठी तर चौकटच नाही.

खानापूरसारख्या मुलखात ही उणीव जास्त बोचते. ‘खानापूर तालुका’ एवढेच लिहिले तर तो विट्याचा, सांगली जिल्ह्यातला, की बेळगावजवळचा, हे कळत नाही, दोन्ही आहेत. हलशी इंग्रजीत एका तऱ्हेने, कन्नडात दुसऱ्या, मराठीत कधी हलसी कधी हलशी, आणि पटात पलाशिका. यंत्राच्या दृष्टीने ही पाच गावे. 1884चे बेळगावचे गॅझेटियर मुंबई इलाख्याचे. 1956 साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, 1973 साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, 2014 साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी. जिल्हा तोच, पण त्याच्यावरचे कागद तीन राज्यनावांखाली विखुरले आहेत. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा 1967चा अहवाल असो की 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा, दोन्हीकडचे लोक गावाच्या भूतकाळावर हक्क सांगतात. तिथे पत्ता नसलेले वाक्य कोणालाही आपल्या बाजूला ओढता येते.

कागद मुळात सत्तेजवळ असलेल्यांचे. संदर्भाचा आग्रह धरला की ज्यांच्याकडे दप्तर नाही त्यांची आठवण इतिहासाबाहेर राहते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. हलशीचे पट जमीन देणारा आणि घेणारा सांगतात, कसणारा सांगत नाहीत. पण म्हणून पत्ता द्यायचा नाही असे होत नाही, उलट तो तोंडी माहितीलाही द्यायला हवा. कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या कामाच्या माणसाने सांगितले, हे लिहिले की ती आठवण साधन बनते आणि पुढच्याला ताडून पाहता येते. त्यासाठी सूचीत वेगळा भाग करावा लागतो, चौकटी सोडून हाताने लिहावे लागते. दुसऱ्याच्या पुस्तकात वाचून थेट मूळ पटाचा खंड आणि पान देणे ही पत्ता न देण्याच्या उलट्या बाजूची चूक. मोराएशांत वाचले असेल तर फ्लीट न पाहता फ्लीटचे पान देऊ नये. ‘मोराएश यांच्या आधारे’ असे म्हणावे. नाहीतर मोराएशांनी एखादा आकडा चुकीचा उतरवला असेल, तर तो फ्लीटच्या नावावर चढतो.

चक्रतीर्थाजवळ सापडलेल्या या दानपत्रांत पत्रे एकापेक्षा जास्त, आणि ते एका कडीत ओवून वर मुद्रा ठोकलेली. कडी नसती तर पत्रे विखुरले असते, कोणता कोणाचा हे ओळखता आले नसते. फ्लीटांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’त पत्र्यांइतकीच त्यांच्या कडीची आणि मुद्रेचीही दखल घेतली.