मोडणाऱ्या केशरचनेची टिकणारी चित्रे

१/ केशरचना पूर्ण झाली की आधी तिचे छायाचित्र घ्यायचे, मग ती कशी केली हे दाखवणारी छोटी रील तयार करायची. आजच्या केशरचनाकाराच्या कामाचा हा नित्याचा भाग आहे. ही रीत मोबाइलबरोबर जन्मली असा समज आहे. तिचा एक महत्त्वाचा पाया मात्र सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये घातला गेला, आणि तेथे प्रश्न हौसेचा नव्हता, पोटाचा होता.

२/ पुण्यात थोरले माधवराव पेशवे पानिपतानंतर विस्कटलेली घडी बसवत होते, तो हा काळ. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईचे राज्य होते. पॅरिसमध्ये प्रत्येक धंद्याची आपापली श्रेणी असे. न्हावी, केसांचे टोप तयार करणारे आणि स्नानगृहे चालवणारे यांची श्रेणी एकच होती. तिच्या सनदा राजाकडून पैसे मोजून घ्याव्या लागत. आपल्याकडील वतनांप्रमाणे त्या वारशाने मिळत आणि विकताही येत.

३/ या श्रेणीबाहेर एक नवा वर्ग वाढत होता : स्त्रियांच्या स्वतःच्या केसांची रचना करणारे पुरुष. श्रीमंत घरांत हे काम पूर्वी प्रामुख्याने दासी करीत. आता नावाजलेला केशरचनाकार घरी बोलावणे प्रतिष्ठेचे ठरू लागले. श्रेणीच्या दृष्टीने हे लोक उपरे होते. सनद नाही, वर्गणी नाही, तरी कमाई मात्र डोळ्यांत भरणारी.

४/ या उपऱ्यांची एक अडचण होती. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, शिल्पकाराची मूर्ती चौकात राहते. केशरचना काही तासांची किंवा फार तर काही दिवसांची सोबतीण. ती मोडली की करणाऱ्याच्या कौशल्याचा पुरावाही संपला. ज्याचे काम मागे उरत नाही, त्याने आपण कलावंत आहोत हे सिद्ध कसे करावे?

५/ या प्रश्नाला सर्वांत कल्पक उत्तर दिले ते लेग्रो द रुमिन्यी या माणसाने. तो मूळचा स्वयंपाकी. पुढे केशरचनेकडे वळला आणि या कामात त्याने मोठे नाव कमावले. त्याचे वेगळेपण केवळ हातातील कसबात नव्हते. आपले काम लोकांसमोर कसे मांडावे, याचा त्याने पद्धतशीर विचार केला.

६/ पहिले साधन बाहुल्या. पॅरिसची वेशभूषा अन्य राजदरबारांना कळावी म्हणून सजवलेल्या बाहुल्या पाठवण्याची चाल आधीपासून होती. लेग्रोने ती केशरचनेसाठी वापरली. प्लास व्हाँदोम या चौकात भरणाऱ्या सेंट ओविदच्या जत्रेत त्याने निरनिराळ्या केशरचना केलेल्या बाहुल्या मांडल्या. उमरावांच्या बंद दालनातील कला अशा रीतीने जत्रेतल्या गर्दीपुढे आली.

७/ दुसरे साधन पुस्तक. ‘फ्रेंच स्त्रियांच्या केशरचनेची कला’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्याचा ग्रंथ १७६० च्या दशकात निघाला. १७६८ ची आवृत्ती विशेष प्रसिद्ध आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि हाताने रंगवलेली मस्तके, सोबत ती रचना कशी करावी याचे विवेचन. चित्र पाहून मोह पडावा आणि मजकूर वाचून कृती कळावी, अशी ही जोडणी होती.

८/ तिसरे साधन शाळा. लेग्रोने केशरचनेची ‘अकादमी’ काढली. तेथे मोठ्या घरांतील नोकर आणि दासी शिकत. सरावासाठी काही मुली मोबदला घेऊन आपले डोके विद्यार्थ्यांच्या हाती देत. त्यांना ‘डोके उसने देणाऱ्या’ असेच म्हटले जाई. रचना झाल्यावर त्या सार्वजनिक बागांत फिरत आणि लोक त्यांच्याकडे वळून पाहत. जाहिरात स्वतःच्या पायांनी चालत होती.

९/ ‘अकादमी’ हा शब्दही सहज निवडलेला नव्हता. फ्रान्समध्ये चित्रकला व शिल्पकला यांची राजमान्य अकादमी होती. तोच शब्द आपल्या शाळेला लावून लेग्रो एक दावा करीत होता : हे काम न्हाव्याच्या दुकानातले नाही, चित्रकाराच्या पंगतीतले आहे. कौशल्य उघड केले तर इतर ते उचलतील, हा धोका होताच. त्याने चित्र सर्वांना दाखवले आणि शिक्षणाचे मोल घेतले.

१०/ या दाव्याची कसोटी न्यायालयात लागली. श्रेणीने स्त्रियांच्या केशरचनाकारांना कोर्टात खेचले. त्यांच्या बाजूने १७६९ च्या सुमारास एक कैफियत छापून प्रसिद्ध झाली. तिचा आशय असा : दाढी करणे, टोप विणणे ही यांत्रिक कामे आहेत. स्त्रीचा चेहरा आणि वर्ण पाहून केसांना आकार व छटा देणे ही मुक्त कला असून कवी, चित्रकार आणि शिल्पकार यांच्या कामाशी तिचे नाते आहे.

११/ म्हणजे पुस्तक, बाहुल्या आणि अकादमी यांना निव्वळ जाहिरात मानता येत नाही. काम टिकत नसेल तर त्याची प्रतिमा टिकवावी, आणि त्या प्रतिमेच्या बळावर कलावंताचा हक्क मागावा, हा त्यामागचा विचार. हक्क नाकारला गेला असता तर श्रेणीच्या परवानगीवाचून फणी हाती धरणेही अपराध ठरले असते.

१२/ या वादाचा शेवट पाहण्यास लेग्रो उरला नाही. ३० मे १७७० रोजी युवराज आणि मारी आंत्वानेत यांच्या विवाहानिमित्त पॅरिसमध्ये आतषबाजी झाली. तेथील चेंगराचेंगरीत अधिकृत आकड्यानुसार १३२ माणसे दगावली. लेग्रो त्यांपैकी एक. पुढे १७७७ मध्ये राजाज्ञेने ६०० केशरचनाकारांना त्याच जुन्या श्रेणीत सामावून घेण्यात आले. धंदा करण्याचा हक्क मिळाला, स्वतंत्र कलेचा दर्जा मात्र राहून गेला. १७९१ मध्ये क्रांतीने श्रेणीच मोडीत काढल्या.

१३/ लेग्रोनंतर केशरचना आणखी उंच झाल्या. १७७४ मध्ये सोळाव्या लुईने देवी टोचून घेतल्या, तर त्या घटनेवरही केशरचना निघाली. १७७८ च्या नौदल चकमकीनंतर ‘बेल पूल’ या जहाजाची प्रतिकृती डोक्यावर मिरवणाऱ्या स्त्रीची चित्रे छापली गेली. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावे. अशी अनेक चित्रे फॅशन विकण्यासाठी किंवा फॅशनची टिंगल करण्यासाठी काढलेली होती. चित्र उपलब्ध आहे, एवढ्यावरून रस्तोरस्ती स्त्रिया डोक्यावर जहाज घेऊन फिरत होत्या असे ठरत नाही.

१४/ विसाव्या शतकात छापचित्राची जागा कॅमेऱ्याने घेतली. १९६३ मध्ये लंडनच्या व्हिडाल ससूनने अभिनेत्री नॅन्सी क्वानचे लांब केस आखूड, रेखीव बॉबमध्ये कापले. टेरेन्स डोनोव्हनने त्याचे छायाचित्र घेतले, ते ‘व्होग’मध्ये आले आणि ती रचना जगभर पोहोचली. हात ससूनचा, नजर छायाचित्रकाराची, दार मात्र संपादकाच्या ताब्यात.

१५/ २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले आणि ते दार केशरचनाकाराच्या खिशात आले. बाहुलीच्या जागी मॉडेल, ग्रंथाच्या जागी रील, अकादमीच्या जागी सशुल्क ऑनलाइन वर्ग. आज कोरक्याला, छापखान्याला किंवा संपादकाला विचारावे लागत नाही. कोणाचे काम किती जणांना दिसावे हे मात्र मंचाची गणिते ठरवतात.

१६/ म्हणून अठराव्या शतकातील एखादे भव्य केशरचनेचे चित्र समोर आले, तर तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी काढले, कोणासाठी काढले आणि त्यातून काय विकायचे होते? हेच तीन प्रश्न मोबाइलवरच्या पुढच्या रीललाही विचारता येतील.