उसना वेग

अंतराळयानांचा इतिहास शिकवताना आपण बहुधा अग्निबाणांचाच इतिहास सांगतो. १९५७ चा स्पुटनिक, १९६१ मधील गागारिनचे उड्डाण, १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेला माणूस. त्यामुळे जितके दूर जायचे तितका अग्निबाण मोठा, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. हे खरे असते तर नेपच्यूनचे जवळून घेतलेले एकही छायाचित्र आज आपल्याजवळ नसते.

कमीत कमी इंधनात थेट नेपच्यूनला जायचे म्हटले, तर सुमारे ३० वर्षे लागतात. व्हॉयेजर-२ मात्र १९७७ मध्ये निघाले आणि १९८९ मध्ये, म्हणजे १२ वर्षांतच, तेथे पोहोचले. हा जादा वेग आला कोठून?

वर्गात एक कल्पना करून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या ट्रकवर आपण ताशी ३० किलोमीटर वेगाने चेंडू फेकला. ट्रकचालकाच्या दृष्टीने चेंडू ८० च्या वेगाने आला आणि (टक्कर पूर्ण लवचीक मानल्यास) ८० नेच परतला. रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्याला मात्र तो १३० च्या वेगाने परतताना दिसेल. चेंडूच्या जागी यान ठेवा आणि ट्रकच्या जागी सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरणारा गुरू. येथे टक्कर नसते. गुरूचे गुरुत्वाकर्षण यानाची दिशा वळवते एवढेच. पण यान गुरूच्या मागील बाजूने गेले, तर सूर्याच्या संदर्भात त्याचा वेग वाढतो.

ही ऊर्जा फुकट मिळत नाही. यानाला जेवढी मिळते, तेवढीच गुरू गमावतो. मात्र यानाचे वस्तुमान सुमारे ८०० किलोग्रॅम, तर गुरूचे सुमारे २ वर २७ शून्ये इतके किलोग्रॅम! गुरूच्या वेगातील घट मोजताही येत नाही.

१९६१ मध्ये मायकेल मिनोविच या अमेरिकन विद्यार्थ्याने अशा मार्गांची गणिते संगणकावर मांडली. १९६५ मध्ये गॅरी फ्लँड्रो यांच्या लक्षात आले, की १९७० च्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा स्थितीत येतील की एकच यान चौघांनाही भेटू शकेल. असा योग सुमारे १७५ वर्षांनी येतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये मरिनर-१० ने शुक्राजवळून जाताना हीच युक्ती उलट वापरली. आपला वेग कमी करून ते बुधाकडे वळले.

चारही ग्रहांची मोठी योजना खर्चापायी रद्द झाली होती. व्हॉयेजर यानांना मंजुरी होती ती फक्त गुरू आणि शनीसाठी. त्यातही एक पेच होता. शनीचा उपग्रह टायटन याला दाट वातावरण आहे, म्हणून तो जवळून पाहायचाच होता. पण टायटनजवळून जाणारे यान ग्रहांच्या प्रतलाबाहेर फेकले जाणार होते. हे काम व्हॉयेजर-१ कडे दिले. ते फसले असते, तर व्हॉयेजर-२ लाही टायटनकडेच वळवावे लागले असते आणि युरेनस व नेपच्यून हातचे गेले असते.

नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर-१ टायटनजवळून गेले. कॅमेऱ्याला दिसले ते केवळ नारिंगी धुके. पण इतर उपकरणांनी सांगितले, की तेथील वातावरण मुख्यतः नायट्रोजनचे असून पृष्ठभागावरील दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट आहे. काम झाले, व्हॉयेजर-१ ची ग्रहयात्रा मात्र तेथेच संपली. व्हॉयेजर-२ ला पुढची वाट मोकळी झाली. १९८६ मध्ये त्याने युरेनस पाहिला, १९८९ मध्ये नेपच्यून.

त्यानंतर आजवर एकही यान या दोन ग्रहांजवळ गेलेले नाही. पाठ्यपुस्तकातील नेपच्यूनचे निळे चित्र विद्यार्थ्यांना दाखवताना, ते ज्या यानामुळे मिळू शकले त्या व्हॉयेजर-१ चीही गोष्ट जरूर सांगावी. नेपच्यूनजवळ ते कधी गेलेच नाही.