मांजर, माळ आणि ४०० मीटर

मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण म्हणतो. पण डोळे मिटण्यात मांजराचे मालकही कमी नसतात. आमच्या मनीने दारात मेलेला पक्षी आणून ठेवला तेव्हा ‘जातीचा स्वभावच तो’ म्हणून आम्हीही विषय संपवला होता.

हा हिशेब बेडफर्डशरमधील फेल्मरशॅम गावात चर्चर आणि लॉटन या संशोधकांनी मांडला. सुमारे ७० मांजरांनी वर्षभरात घरी आणलेली शिकार मालकांनी जपून ठेवली. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा आकडा हजाराच्या वर होता. पुढे १९९७ मध्ये मॅमल सोसायटीने देशभर पाहणी केली. त्यावरून ब्रिटनमधील सुमारे ९० लाख मांजरे पाच महिन्यांत नऊ कोटींहून अधिक जीव घरी आणतात, असा अंदाज निघाला. त्यात उंदीर बरेच, पण पक्षीही कोट्यवधी.

सरे, हॅम्पशर आणि बर्कशरमध्ये आपल्यापैकी अनेकांच्या घरांजवळ हीदरचा माळ आहे. तिथे आफ्रिकेहून येणारा रातवा घरटे न बांधता जमिनीवरच अंडी घालतो. डार्टफर्ड वॉर्बलर बुटक्या झुडपात राहतो. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतर देशात त्याच्या जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. २००५ मध्ये ‘थेम्स बेसिन हीथ्स’ या नावाने या माळांना खास संरक्षण मिळाले आणि ४०० मीटरच्या आत नवी घरे बांधणे बंद झाले. माणसांची वर्दळ, आगी यांच्याबरोबर मांजरांची भटकंती हेही त्यामागचे एक कारण होते. मांजर आवरता येईना, म्हणून घरेच दूर ठेवली!

पण जुन्या घरांतल्या मांजरांचे काय? त्यांना घरात ठेवण्याची कायद्याने सक्ती नाही. आमचे घर जुने, म्हणजे मनी मोकळीच. तेव्हा आम्हीच ठरवले: मार्च ते ऑगस्ट, पक्ष्यांच्या विणीच्या काळात, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मनी घरात. पहिला आठवडा तिने दार ओरबाडले आणि मुलांनी आमच्याशी अबोला धरला. मग २०२१ सालचे एक्सेटर विद्यापीठाचे संशोधन उपयोगी पडले. भरपूर मांस असलेल्या खाण्याने मांजराची शिकार ३६ टक्के घटली, तर रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्याने २५ टक्के. खेळवायचे काम मुलांनी आनंदाने घेतले आणि अबोला सुटला.

ज्यांच्या घरामागे माळ आहे त्यांनी येत्या मार्चपासून हे जरूर करून पाहावे. जूनमध्ये दिवेलागणीला मागचे दार लावून बाहेर उभे राहा. रातव्याची घरघर ऐकू आली, तर मुलांनाही बोलवा.