पोट, प्लेग आणि जिवाणूंची मदत लागणारी एक गोळी

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण पोटाच्या इतिहासाचा. जेवताना ऐकत असाल तर थोडं थांबून ऐका.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. याचाच भाऊ म्हणजे क्रोन्स आजार. दोघांना मिळून आयबीडी म्हणतात. बहुतेकांना हा ऐन पंधरा ते पस्तीसच्या वयात गाठतो, म्हणजे आपल्याच वयात. आणि असा आजार असलेल्या माणसाला ताप आला, दाढ दुखली, लघवीला जळजळ झाली की एक प्रश्न पडतोच: अँटिबायोटिक घेऊ की नको?

आमच्या भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न बहुतेक कोणी विचारतच नाही. तुमसर असो, साकोली असो की पवनी, मेडिकलवर जाऊन "दादा, लूज मोशनची गोळी द्या" म्हटलं की ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली पट्टी हातात पडू शकते. पाकिटावर लाल रेघ असते, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. ती रेघ कोण बघतो? साध्या जुलाबाला बऱ्याचदा मीठ-साखर-पाणी पुरतं. पण आयबीडीवाल्याचे जुलाब साधे आहेत की आजार उसळलाय, हे काउंटरवर कळत नाही.

आता इतिहासात जाऊ.

1930 च्या दशकात जिवाणूंवर चालणारं पहिलं मोठं हत्यार म्हणजे सल्फा औषधं. काटेकोर बोलायचं तर ती अँटिबायोटिक नाहीत, कारखान्यात बनवलेली रसायनं आहेत, पण काम तेच. त्यातलं एक सल्फापायरिडीन. ब्रिटनच्या मे अँड बेकर कंपनीचं हे औषध एम अँड बी 693 या नावाने गाजलं. 1943 मध्ये न्यूमोनिया झालेल्या चर्चिलनाही सल्फा औषधच दिलं होतं.

याच काळात मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी या सल्फा घराण्यातली औषधं प्लेगवर तपासत होते. 1896 पासून मुंबईच्या मानगुटीवर बसलेला प्लेग! त्या कामात आपल्या अमरावतीचे भालचंद्र बाबाजी दीक्षितही होते. हेच पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. सल्फाथायझोलचा प्लेगवर उपयोग होतो हे त्यांच्या कामातून दिसलं. ज्या रोगात पूर्वी देवावर हवाला ठेवायचा, तिथे आता गोळी होती. अँटिबायोटिकबद्दल आपल्याकडे जी श्रद्धा आहे ना, ती हवेतून आलेली नाही. आपल्या पणजोबांनी गावं ओस पडताना बघितली होती. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन बनू लागलं, तेव्हा देशाला किती मोठं काही मिळाल्यासारखं वाटलं असेल, विचार करा.

त्याच सुमाराला स्वीडनमध्ये नाना स्वार्त्झ नावाच्या डॉक्टर संधिवातावर काम करत होत्या. (नाना ऐकून आपल्याला आजोबा आठवतात, पण या बाई होत्या. 1937 मध्ये कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक झाल्या.) संधिवात जिवाणूंमुळे होतो असा त्यांचा अंदाज होता. म्हणून त्यांनी एक जोडगोळी बनवून घेतली: जिवाणूंसाठी सल्फापायरिडीन आणि सूज-दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातला सॅलिसिलेट. नाव पडलं सल्फासालाझिन. ती दिल्यावर कोलायटिसच्या रुग्णांनाही बरं वाटू लागलं. म्हणजे आयबीडीचं पहिलं चांगलं औषध जिवाणू मारायच्या हेतूनेच जन्माला आलं.

मग सगळ्यांनी मानून घेतलं की सल्फा जिवाणू मारतं, म्हणून आतडं बरं होतं. पटण्यासारखंच होतं. जवळपास पस्तीस वर्षं हे असंच चाललं.

1977 मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान या तरुण डॉक्टरने आणि ट्रुलव्ह या त्यांच्या ज्येष्ठांनी एक साधी गोष्ट केली. आझाद खान पुढे बांगलादेशचे राष्ट्रीय प्राध्यापक झाले. त्यांनी जोडगोळीचे दोन भाग वेगळे केले आणि एनिमातून रुग्णांना दिले: काहींना अख्खं सल्फासालाझिन, काहींना फक्त सल्फापायरिडीन, काहींना फक्त दुसरा भाग, ज्याला आज आपण मेसालामिन म्हणतो. आम्ही कोडमध्ये बग शोधताना हेच करतो, एकेक मॉड्यूल वेगळं करून चालवून बघतो. निकाल काय आला? मेसालामिन जवळपास अख्ख्या औषधाइतकंच चाललं. सल्फा एकटं फारसं चाललं नाही. सल्फा फक्त हमाल होता, माल मोठ्या आतड्यापर्यंत पोचवणारा. वर मळमळ, डोकेदुखी असा बराच त्रास त्याच्यामुळेच व्हायचा.

या गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी मेख पुढे आहे. दोन भागांना जोडणारा जो रासायनिक बंध आहे, तो तोडतं कोण? आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू! जिवाणू मारायला बनवलेलं औषध जिवाणूंच्या मदतीशिवाय उघडतच नाही. आमच्या भाषेत ही डिपेन्डन्सी झाली. त्यामुळे सल्फासालाझिनवर असलेल्या माणसाने वरून अँटिबायोटिक घेतलं तर ते औषध उघडणंच कमी होऊ शकतं. डॉक्टरला आपली सगळी औषधं सांगायची ती यासाठी.

दुसरा धोका आणखी मोठा आहे. 1935 मध्ये तान्ह्या बाळांच्या शीमध्ये एक जिवाणू सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला इतका त्रासदायक, की नावातच 'डिफिसिल' आलं. चाळीसेक वर्षं त्याची कोणाला फिकीर नव्हती. 1978 मध्ये कळलं की अँटिबायोटिक घेतल्यानंतर काहींना होणाऱ्या भयंकर कोलायटिसमागे हाच आहे. शेजारपाजारचे चांगले जिवाणू मेले की मोकळ्या जागेत हा बस्तान बसवतो. आयबीडीवाल्यांना तो इतरांपेक्षा जास्त धरतो, आणि लक्षणं आजार उसळल्यासारखीच असतात: जुलाब, रक्त, पोटात कळा. म्हणून नुसतं लक्षणांवरून स्टिरॉइड वाढवायच्या आधी शौचाची तपासणी लागते. गंमत म्हणजे त्याच्यावरही अँटिबायोटिकच देतात, तोंडाने घ्यायचं व्हँकोमायसिन.

आणि अँटिबायोटिकमुळे आयबीडी होतो का? 2020 मध्ये स्वीडनमधला एक मोठा अभ्यास आला. पूर्वी अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये आयबीडीचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला मस्त आकडा! पण त्यांनी सख्ख्या भावंडांशी तुलना केली तेव्हा फरक बराच कमी झाला. म्हणजे घर, जीन्स, खाणंपिणं यांचाही हात असणार. शिवाय मुळात थोड्या लोकांना होणारा आजार दुप्पट झाला तरी थोड्यांनाच होतो. एवढ्यावरून आईने तुम्हाला लहानपणी दिलेल्या औषधाचा हिशेब मागू नका.

आता उलट बाजू, आणि माझ्या मते इथेच जास्त जीव जाऊ शकतात. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसची साथ आली होती. झुडपांत, गवतात असणाऱ्या बारीक किड्यांच्या पिल्लांच्या चावण्याने हा ताप येतो. आमचा जिल्हा म्हणजे धानाची बांधी आणि तळी, रोवणीच्या दिवसांत निम्मं गाव चिखलात असतं. यावर डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो, उशीर झाला तर किडन्या, फुप्फुसं जातात. आयबीडीवाला अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीवर असेल तर कोणताही ताप अंगावर काढणं आणखी धोक्याचं. तिथे "माझं पोट बिघडेल" म्हणून डॉक्सिसायक्लिन नाकारणं म्हणजे घराला आग लागलेली असताना पाण्याने फरशी ओली होईल म्हणून रडणं. क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ गळू झालं, पू साठला, तरी अँटिबायोटिक लागतं. नुसता कोलायटिस उसळला म्हणून सरसकट अँटिबायोटिक देण्याने मात्र फायदा होत नाही.

म्हणून मी डॉक्टरला तीनच गोष्टी विचारतो. हे जिवाणूंचं इन्फेक्शनच आहे, याला आधार काय? नाही घेतलं तर काय होईल? आणि घ्यायचंच असेल तर पोटाला कमी त्रास देणारं, कमी दिवसांचं चालेल का?

गेल्या वर्षी दाढ काढली तेव्हा डेंटिस्टला हेच विचारलं. त्यांनी माझ्या औषधांची यादी फोनवर वाचली, एक्स-रे पुन्हा बघितला आणि म्हणाले, "पू नाही, सूज पसरलेली नाही, याला नको." दुखण्यासाठी आयबुप्रोफेन लिहीत होते, तेही खोडलं. त्या गटातल्या गोळ्यांनी कोलायटिस उसळू शकतो. पॅरासिटामॉलवर भागलं.