सापाचे हृदय आणि मुंबईचे शल्यविशारद

१/ मुठीएवढे मानवी हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा स्पंदते. त्याच्या चारही कप्प्यांतून रक्ताचा ओघ अखंड वाहतो. तरीही त्याच्या जाड भिंतीला त्या रक्ताचा जवळजवळ काहीच लाभ होत नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला!

२/ वरच्या दोन कर्णिका रक्त स्वीकारतात, खालच्या दोन जवनिका ते पुढे ढकलतात. उजव्या जवनिकेला जवळच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पोहोचवायचे असते, म्हणून तिची भिंत पातळ. डावीवर सर्व शरीराचा भार, म्हणून तिची जाड. या भिंतींचे पोषण होते ते बाहेरून, महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन हृद्‌धमन्यांद्वारे. त्यांची एखादी शाखा तुंबली की तिच्यावर विसंबलेला स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका.

३/ मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी यावरील उपाय सापाच्या हृदयात शोधला. सापाची जवनिका एकच, अपुरी विभागलेली. तिची भिंत स्पंजासारखी. कप्प्यातील रक्त थेट तिच्यात झिरपते. गर्भावस्थेच्या आरंभी मानवी हृदयाची भिंतही अशीच सच्छिद्र असते. पुढे ती घट्ट होत जाते.

४/ मग माणसाच्या हृदयातही तशा वाटा पाडता येतील काय? सेन, तेहेमटन उडवाडिया, किनरे आणि परुळकर यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीत सुईने छिद्रे पाडून पाहिली. त्यांचा शोधनिबंध १९६५ मध्ये अमेरिकेतील नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

५/ अडचण एकच होती: जखम भरून येणे हा जिवंत स्नायूचा धर्म. अशा वाटा कालांतराने बुजत. १९६७ मध्ये अमेरिकेत रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून तुंबलेल्या धमनीला वळसा घातला आणि बायपासचा मार्ग रूढ झाला. सेन यांची कल्पना मात्र संपली नाही. पुढे सुईची जागा लेसरने घेतली व १९९८ मध्ये अमेरिकेत त्या उपचारास मान्यता मिळाली.

६/ फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनीच केईएममध्ये भारतातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले. असे प्रत्यारोपण करणारा भारत हा जगातील तिसरा देश. रुग्ण काही तासच जगला.

७/ यशाच्या यादीत सेन यांच्या सुईला स्थान नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न आजही प्रत्येक बायपासच्या मुळाशी आहे: रक्ताने भरलेल्या हृदयाला रक्त पाजायचे कसे?