चाळीस पाने कीं चार?

छत्रपति संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादच्या, पूर्वेस चिकलठाण्याची आणि पश्चिमेस वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत पोलाद मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून कापलें जातें. त्याच शहराच्या गुलमंडीसारख्या पेठेंत एखादा गृहस्थ आपल्या दुचाकीसाठीं पाने घ्यावयास गेला, तर दुकानदार त्याच्यापुढें दोन प्रकारचा माल मांडतो. एक, प्लॅस्टिकच्या पेटींत ओळीनें बसविलेला, चांदीसारखा चकाकणारा चाळीस नगांचा संच; दुसरा, तेलकट कागदांत गुंडाळलेले, दिसावयास ओबडधोबड असे चार सुटे पाने. दोहोंची किंमत जवळजवळ एकच. चाळीस घ्यावे कीं चार, या विचारांत गृहस्थ पडतो, आणि बहुधा चाळीस घेऊन घरीं येतो.

त्याला हंसण्याचें कारण नाहीं. ज्या प्रश्नापुढें तो उभा असतो, त्यानें इंग्लंड, जर्मनी आणि जपान या बड्या देशांनाही आळीपाळीनें गोंधळांत पाडलेलें आहे.

महाराष्ट्राच्या जुन्या गांवगाड्यांत मात्र हा प्रश्न उद्भवतच नसे. कुणब्याच्या घरीं कुऱ्हाड, विळा, खुरपें, पहार एवढींच लोखंडी साधनें असत. तीं घडविण्याचें नि शेवटण्याचें काम गांवच्या लोहाराचें, लांकडाचें काम सुताराचें, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळीं खळ्यावर मिळणारें बलुतें. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं तो वाचला असेल त्यांना या व्यवस्थेचे दोष किती होते हें निराळें सांगावयास नको. धंदा जातीशीं जखडलेला, आणि कामाला घाई ठाऊक नाहीं. परंतु एक गोष्ट तेथें खरी होती. विळ्याला पाणी नीट दिलें गेलें नसेल तर तो पहिल्याच हंगामांत वळे, आणि वळलेला विळा घेऊन कुणबी ज्याच्या दारीं जाई, तो लोहार त्याच गांवांत राहात असे. त्याला तोंड चुकवितां येत नसे.

'पाणी देणें' हा शब्दप्रयोग शहरांतून लुप्त होत चालला आहे, म्हणून त्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. पोलाद लालभडक तापवून एकदम पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें कीं तें अतिशय कठीण होतें. परंतु कांचेसारखें ठिसूळही होतें. म्हणून तें पुन्हां मंद आंचेवर धरून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. या दुसऱ्या तापवणींत पोलादाच्या अंगावर प्रथम फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा आणि निळा असे रंग क्रमानें उमटतात, आणि जाणता लोहार हवा तो रंग दिसतांच हात थांबवितो. छिन्नीचा रंग निराळा, स्प्रिंगेचा निराळा. हत्याराचें बहुतेक मोल या दोन क्रियांत आणि मूळ पोलादाच्या जातींत असतें. आणि एकदां घासूनपुसून वर मुलामा चढविला, म्हणजे या तिहींपैकीं एकही गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं. स्वस्त हत्यारांचा सारा इतिहास या न दिसण्यांतून निघालेला आहे.

या विद्येंत दक्षिण मागासलेली नव्हती. औरंगाबाद १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होतें, त्याच राज्यांतील कोनासमुद्रम् या गांवीं मातीच्या मुशींतून पोलादाच्या लहान लहान वड्या निघत, आणि त्या खरेदी करावयास इराणांतले व्यापारी येत. हा गांव आतां तेलंगणांत मोडतो. हेन्री व्हॉयसी यानें केलेलें तेथील भट्ट्यांचें वर्णन १८३२ मध्यें छापलें गेलें. त्याच्या आधींच, १८२० च्या सुमारास, लंडनमध्यें स्टोडार्ट नांवाचा हत्यारें घडविणारा कारागीर आणि मायकेल फॅरेडे या दोघांनीं हिंदी मुशीच्या पोलादावर प्रयोग चालविले होते. विजेच्या शोधांनीं अजरामर झालेला फॅरेडे तारुण्यांत हिंदी पोलादाचें रहस्य उलगडीत बसला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. परंतु मुशीची वडी लहान आणि महाग. १८५६ मध्यें बेसेमरनें आपली रीत जाहीर केली आणि पोलाद टनांनीं निघूं लागलें. पुढें आगगाडीनें विलायती सळ्या, पत्रे आणि हत्यारें पेठोपेठीं पोंचविलीं. मुशीचें पोलाद हटलें तें गुणाच्या बाजारांत नव्हे, भावाच्या बाजारांत.

आणि गंमत अशी कीं, ज्या शेफील्डनें आपल्या सुऱ्याकात्र्या साऱ्या जगांत खपविल्या, त्याच शेफील्डवर ही स्वस्ताई लवकरच उलटली. जर्मनींतल्या सोलिंगेनच्या बाजूनें येणाऱ्या हलक्या सुऱ्यांवर शेफील्डचें नांव ठोकलेलें असे, आणि त्यांतल्या कित्येक ओतीव लोखंडाच्या असत. जर्मन मालाविषयीं सर्वांत कडक निकाल एका जर्मनानेंच दिला आहे. १८७६ मध्यें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें मोठें प्रदर्शन भरलें. तेथें जर्मनीच्या वतीनें गेलेले यंत्रशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ रॉयलो यांनीं मायदेशीं पत्रें लिहून कळविलें कीं, आपल्या मालाचें ब्रीद स्वस्त आणि वाईट एवढेंच आहे. देशांत मोठा गदारोळ उडाला. पुढें १८८७ सालीं इंग्लंडनें कायदा करून परकी मालावर खोटें इंग्रजी नांव घालण्यास बंदी केली, आणि जर्मनींत केलेला माल जर्मनीचें नांव मिरवीत येऊं लागला. हेतु असा कीं, गिऱ्हाइकानें तें नांव वाचून माल टाळावा. पण रॉयलोचे शब्द झोंबले होते, कारखानदार शहाणे झाले होते. दहा वर्षें होतात न होतात तोंच, १८९६ मध्यें, 'मेड इन जर्मनी' याच नांवाचें पुस्तक लिहून अर्नेस्ट विल्यम्स यास आपल्या इंग्रज बांधवांना धोक्याची सूचना द्यावी लागली. लाजेची खूण हीच शिफारस ठरली.

जपानची कथाही त्याच मासल्याची. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानच्या बाजारांत जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, असें समीकरण होतें. १९५० मध्यें एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानें तेथें मालाच्या गुणवत्तेवर व्याख्यानें दिलीं, १९५१ पासून त्याच्या नांवानें पारितोषिक सुरू झालें, आणि एका पिढींत समीकरण पालटलें. त्यामुळें अमुक देशाचा माल म्हणजे टाकाऊ, असें छातीठोकपणें सांगणाऱ्या दुकानदाराच्या बोलण्याला फारसा अर्थ उरत नाहीं. आज चीनविषयीं तसेंच बोललें जातें. वस्तुस्थिति ही आहे कीं, त्याच देशांत नामांकित कंपन्यांचींही हत्यारें घडतात आणि एका उन्हाळ्यांत वांकणारींही घडतात.

घरांत हत्यार आलें तें सायकलीबरोबर. शिवण्याचें यंत्र आधींच आलें होतें, पण त्याला तेलाची पिचकारी आणि एक लहान पेचकस पुरे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ मध्यें बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, तेव्हां सायकल ही श्रीमंताची चीज होती. पुढें ती कारकुनाची आणि मास्तराची झाली, आणि तिची सांखळी उतरली कीं लोहाराकडे जाण्यांत अर्थ नव्हता. याच किर्लोस्करांनीं १९०३ मध्यें लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन नासते या समजुतीनें शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. लांकडी नांगर स्वस्त, ओळखीचा, गांवांत दुरुस्त होणारा. त्याच्यापुढें हा महाग, अनोळखी, आणि मोडला तर सुटा भाग कारखान्यांतूनच आणावयाचा. शेतकऱ्याची शंका वेडेपणाची नव्हती; ती फिटली वादविवादानें नव्हे, तर शेजाऱ्याच्या शेतांतली खोल नांगरट पाहून.

औरंगाबाद या सगळ्या घडामोडींत उशिरा आलें. हिमरू आणि पैठणीचा हा मुलूख १९५६ मध्यें मुंबई राज्यांत सामील झाला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि मग चिकलठाण्याचें माळरान बदलूं लागलें. १९८५ मध्यें वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आधींच, १९७२ मध्यें निघालेली चेतक स्कूटर साऱ्या महाराष्ट्राच्या मध्यम वर्गाची लाडकी झाली होती. नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहावी तेव्हां ती दारीं येई, आणि सकाळीं चालू होईना म्हणजे एका अंगावर कलंडवली जाई, किंवा तिचा प्लग काढून पॉलिश कागदानें घासला जाई. स्कूटरीबरोबर मिळणारा प्लगपाना आणि पेचकस हेंच कित्येक घरांतलें पहिलें यांत्रिक हत्यार. घरगुती मेकॅनिक नांवाचा प्राणी तेव्हां जन्मास आला. याच शहरांत पुढें जर्मन सहकार्यानें इंडो-जर्मन टूल रूम उभी राहिली आणि मराठवाड्यांतलीं मुलें तेथें साचे नि हत्यारें बनविण्याचें शिक्षण घेऊं लागलीं. रॉयलोच्या देशाकडून हत्यारांची विद्या शिकण्याचा योग असा जुळून आला.

देशी हत्यारेंही तोंवर आलीं होतीं. नाशिकच्या टपारिया कारखान्यानें १९६९ मध्यें एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साह्यानें उत्पादन सुरू केलें. पंजाबांत जालंदरचा धंदा वाढला. परदेशी हत्यारांवर आयातीचे निर्बंध असल्यामुळें निवड थोडी होती. १ एप्रिल २००१ रोजीं संख्येचे उरलेसुरले निर्बंध उठले, आणि मग ती चाळीस नगांची चकचकीत पेटी गुलमंडींत अवतरली.

त्या पेटीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चाळिसांपैकीं त्याच्या गाडीला लागतात फार तर सहा. संच इंचाच्या मापाचा असेल तर तेही नाहींत. कारण आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्यें झाला, आणि व्हिटवर्थच्या १८४१ च्या आट्यांवर उभी असलेली इंग्रजी मापें जुन्या सायकलींबरोबर मागें पडलीं. इंचाचा पाना मिलिमीटरच्या चाकीवर बसतो, पण सैल बसतो. सैल पान्यावर जोर दिला कीं सारा भार चाकीच्या कोपऱ्यांवर येतो. नरम पोलादाचा पानाही हेंच करतो: त्याचा जबडा केसभर फांकतो, कोपरे झिजून षट्कोनाचा गोल होतो, आणि मग कोणताही पाना लागत नाहीं. पाना दोन पैशांनीं स्वस्त मिळाला. चाकी छिन्नीनें फोडावी लागली, सोबत इंजिनावरचा आटा गेला. 'आधीं स्वस्त घ्यावें, मोडेल तें चांगलें घ्यावें' असा एक व्यवहारी सल्ला नेहमीं दिला जातो. तो बराचसा खरा आहे. फक्त मोडतें तें प्रत्येक वेळीं हत्यारच असतें असें नाहीं. पेचकसाचें तसेंच. कावासाकीच्या सहकार्यानें निघालेल्या मोटरसायकलींवर जपानी घडणीचे चौफुलीचे स्क्रू असत. त्यांत दिसावयास तशीच पण किंचित निराळ्या चोंचेची चौफुली घातली कीं ती उसळून बाहेर येते आणि स्क्रूचें डोकें खरवडून जातें.

दोन ठिकाणीं मात्र काटकसर करणें हा अविचार होय. पहिलें, हातोडी. पाणी चुकलेल्या हातोडीचा टवका छिन्नीवरच्या घावानें उडतो आणि तो डोळ्याच्याच उंचीवर उडतो. दुसरें, विजेची पक्कड. मुठीवर चढविलेली रंगीत नळी म्हणजे विद्युत्‌रोधक मूठ नव्हे. हजार व्होल्टची प्रमाणित खूण असलेली पक्कड निराळी असते, आणि त्या खुणेवरही, दुकान ओळखीचें असेल तरच, विश्वास ठेवावा. 'क्रोम व्हॅनेडियम' हीं अक्षरें तर वाटेल त्या लोखंडावर ठोकतां येतात. शेफील्डचें नांव ठोकणाऱ्यांची ती नातवंडेंच आहेत.

याउलट तेलाचें नरसाळें, तारेचा ब्रश, खरवडणी, आणि वर्षांतून एकदां लागणारा एखादा अवघड आकाराचा पाना, हीं खुशाल स्वस्तांतलीं घ्यावींत. कापून, वांकवून एकाच कामापुरतें हत्यार बनवावयाचें असेल तर त्यासाठीं महाग पाना बिघडविणें हा शुद्ध मूर्खपणा आहे. शिवाय आयटीआयमधून नुकता बाहेर पडून रस्त्याच्या कडेला पंक्चरचें दुकान थाटणाऱ्या मुलाला चांगलें-वाईट निवडण्याची मुभाच नसते. त्याचा धंदा हलक्या हत्यारांवरच सुरू होतो, आणि त्यांनींच तो पहिल्या वर्षीं उभा राहतो. त्या पेटीनें शेकडों हातांना काम दिलें आहे, हें तिच्या बाजूनें बोलणें भागच आहे.

घेतांना थोडी पारख करतां येते. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. जबड्याच्या टोकांतून फट दिसूं नये आणि सांधा डगडगूं नये. पान्याच्या दांड्यावर कोपऱ्यांत बारीक कानस एकदां ओढून पाहावी: ती सहज रुतली तर पोलाद नरम, घसरली तर त्याला पाणी बसलेलें आहे. दुकानदार कानस लावूं देत नाहीं, तेव्हां घरीं आणलेल्या पहिल्या पान्यावर ही परीक्षा करून मग उरलेले घ्यावे. एकदम चाळीस घेणाराला ही सोय नसते. दुहेरी तोंडाचे १०-११, १२-१३, १४-१५ आणि १६-१७ असे चार पाने, एक बरी पक्कड आणि दोन पेचकस एवढ्यावर घरच्या दुचाकीचें बहुतेक काम भागतें. आणि ज्याला हेंही महाग वाटेल त्यानें जुन्या लोखंडाच्या बाजारांत फेरी मारावी. कारखान्यांतून निकालांत निघालेले, गंजलेले पण उत्तम पोलादाचे पाने तेथें ढिगांत पडलेले असतात. रात्रभर घासलेटांत बुडवून ठेवले कीं गंज सुटतो, आणि खालीं घडविणाऱ्याचें नांव दिसूं लागतें.